मोसंबीच्या पेटीवरची चिठ्ठी

"ह्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्यात?"

मी मान वर केली. पत्र्याच्या शेडच्या दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. बाहेर अवकाळी पावसाची भुरभुर चालली होती, ती त्याच्या केसांवर साचली होती. कानावर तांबडी पेन्सिल.

"मी," मी म्हणाले.

"अक्षर लई देखणं हाय की!" तो हसला. मीही हसणार, इतक्यात पुढं म्हणाला, "पण माहिती खोटी हाय."

अशी आमची ओळख झाली. १९७४ सालचा नोव्हेंबर. सोलापूरच्या बाजारात आमची फळ सोसायटी होती. माळशिरसकडून मोसंबी यायची आणि मुंबईला जाणाऱ्या पेट्यांवर मी चिठ्ठ्या लिहायचे. हा विरुपाक्ष, अक्कलकोटकडचा. फळांना मेणाचा लेप द्यायचं म्हैसूरला शिकून नुकताच सोसायटीत लागला होता. दुधासारख्या दिसणाऱ्या पाण्यात मोसंबी बुडवायची, वाळवायची, की ती आठवडाभर जास्त टिकायची.

"खोटं काय त्यात?" मी फणकारले. "लेप दिल्याची तारीख घातलीय की!"

"आणि तोडणीची कुटं हाय? अहो, लेपानं फळ पुन्हा ताजं होत न्हाय. हाय तसं आठ दिवस जास्त राहतं, इतकंच. आपला माल घेणारं मुंबईचं भांडार तीन गोष्टी लिहायला सांगतंय. कधी तोडलं, काय लावलं, आणि धुऊन घ्या. खाणाऱ्याला कळाय नको?"

तोडणीची तारीख नको, हे रुद्रप्पा काकांनी सांगितलेलं. काका सोसायटीचे सेक्रेटरी आणि माझ्या वारलेल्या वडिलांचे, अप्पांचे, चुलतभाऊ. 'जुनी तारीख बघून कोण घेईल?' असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटलं होतं. विरुपाक्षनं कानावरची पेन्सिल काढली आणि चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्यांवर लिहिलं — 'परत'.

माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. ते त्यानं पाहिलं असावं. कारण तो समोरच्या रिकाम्या पेटीवर बसला आणि हळूच म्हणाला, "द्या... निम्म्या मी लिहितो."

त्याच्या चार चिठ्ठ्या बघून माझा राग पळाला.

"ही अक्षरं हायत का सांडलेले पोहे?"

"कन्नड शाळेत शिकलोय हो. तुमी शिकवा की."

"फी लागंल."

"काय?"

"ती पेन्सिल."

"ती सोडून काय बी मागा," तो म्हणाला, आणि त्यानं ती घाईघाईनं कानावर ठेवली.

मग रोज चिठ्ठ्यांची तपासणी होऊ लागली. चूक एकही निघायची नाही, तरी तो अर्धा तास शोधायचा. एकदा त्यानं दोन मोसंबी माझ्यासमोर ठेवली, एक लेपाचं आणि एक बिनलेपाचं. म्हणाला, "घरी खिडकीत ठेवा आणि रोज कसं दिसतंय ते मला सांगा." शेडमध्ये त्याची अशी फळीभर मोसंबी मांडलेली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मी रोज सांगत राहिले... आणि तो रोज ऐकत राहिला. अकराव्या दिवशी बिनलेपाचं सुरकुतलं. दुसरं अजून तुकतुकीत.

"दोन्ही सारख्याच वयाची," तो म्हणाला. "एक नुसतं तसं दिसत न्हाय." मग पेन्सिलशी चाळा करत, माझ्याकडं न बघता — "रविवारी आमच्या अव्वाला घेऊन येऊ का... तुमच्या घरी?"

"कशाला?"

"चिठ्ठ्या तपासाय न्हाय," तो म्हणाला आणि लाजला. मला तो फार, फार आवडला.

बोलणी रुद्रप्पा काकांनी केली. शनिवारी माझ्या आईकडून, अव्वाकडून कळलं, काकांनी माझं वय वीस सांगितलंय. मी पंचवीस पुरी. विरुपाक्ष तेवीस.

"मोठी हाईस म्हटल्यावर उठून जातील," अव्वा काकुळतीला आली. "गप बस, काशी. येवढं एक गप बस."

बोलले तर तो जाणार. गप बसले तर, ज्यानं चाळीस चिठ्ठ्या परत केल्या त्याच्याच घरी मी खोट्या तारखेनं जाणार.

रविवारी अव्वानं गोरी दिसावी म्हणून माझ्या सावळ्या तोंडावर स्नो चोपडला, वर पावडर. मी फळांचं ताट घेऊन बाहेर पाहुण्यांपुढं गेले. सगळ्यात वरच्या मोसंब्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली होती, एकट्या विरुपाक्षसाठी. पण हात पुढं आला तो त्याच्या आईचा, सावित्रम्मांचा.

"हे काय गं? वाच रे, चष्मा न्हाय माझा."

विरुपाक्षनं चिठ्ठी मनात वाचली. ती खिशात घालून काहीबाही सांगता आलं असतं त्याला. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं वाचलं —

"तोडणी, ४ मार्च १९४९. लेप, स्नो आणि पावडर, आज सकाळी. धुऊन बघणे."

काकांना चहाचा ठसका लागला. अव्वानं पदर डोळ्यांना लावला. सावित्रम्मांनी बोटं मोजली.

"म्हणजे पंचवीस. ह्याच्याहून दोन वर्सं थोरली."

"व्हय," मी म्हणाले.

"कुणी सांगितलं हे लिहायला?"

"नियम हाय... तुमच्याच लेकाचा."

त्यांनी माझं पावडरीचं तोंड न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मग लिहिलंयस तसं कर की. जा, तोंड धुऊन ये."

न्हाणीत पाण्याबरोबर रडूनही घेतलं. ओल्या, सावळ्या तोंडानं परत आले तेव्हा त्यांनी माझी हनुवटी वर उचलली.

"हां, आता दिसलीस!" आणि कानाशी वाकून हळूच, "मी बी ह्याच्या अप्पांपेक्षा वर्षानं थोरली. पन अजून त्यांना सांगाय धीर झाला न्हाय बघ."

तेवढ्यात विरुपाक्षनं कानावरची पेन्सिल काढली. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून त्या सांडलेल्या पोह्यांत लिहू लागला. पहिला शब्द मला उलटा दिसला... 'परत'. मग त्यानं सावकाश पुढं लिहिलं — 'जाणार नाही.'

त्यानं चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि तिच्यावर ती पेन्सिल ठेवली.

"फी," तो म्हणाला.

सगळ्यांच्या देखत मी ती अंबाड्यात खोचली.