उम्फाफाची फांदी

डर्बनच्या भरवस्तीत, जुन्या बसतळाच्या जागी, मोठी बाग होणार होती. आराखडा वासंती मुनसामीचा. तीच सकाळी थेम्बेका शांगेच्या दारात येऊन उभी राहिली.

"उद्या उम्फाफाचं काटेरी झाड बागेच्या कोपऱ्यात हलवायचंय आणि आज कुणीतरी त्याची फांदी तोडली! मुकादम म्हणतो, पहारेकऱ्याला काढा. तो निर्दोष असेल तर संध्याकाळपर्यंत चोर शोधून द्या."

थेम्बेका खासगी तपासनीस. जोडीला निवृत्त मास्तर पेरुमल. माणूस लाखात एक, पण डोकं सावकाश चालणारं.

फांदी एकच गेली होती, सुरीने, स्वच्छ कापून. बुंध्याशी चिमूटभर तपकीर होती. फाटकावर आराखड्याचं चित्र लावलं होतं. त्यात झाडाच्या जागी कारंजं होतं.

"मुकादमाचंच काम," पेरुमल पुटपुटला. "काटे टोचतात म्हणून रोज शिव्या घालतो झाडाला."

मुकादम उखडला. "मला तोडायचं असतं तर अख्खं झाड आडवं केलं असतं!"

पहारेकरी झुंगूबाबा नजर चुकवत होते.

"सकाळी कोण आलं, बाबा?"

"चहावाली माशेझी. आली, गेली. मी बोललो नाही तिच्याशी."

"तुम्ही? कावळ्याचीसुद्धा विचारपूस करणारे? नोकरी जाईल, बाबा."

"जाऊ दे."

माशेझी ज्या बसने गावी गेली, तिचा चालक नासिर मात्र हसत सुटला. "एकटी बाई, अन् दोन जागा! शेजारी कुणाला बसू देईना. मांडीवर पांढऱ्या कापडाची गुंडाळी. एरवी हिची टकळी थांबत नाही, आज तोंडातून शब्द नाही!"

संध्याकाळी सगळे झाडाखाली जमले.

"चोरी झालेलीच नाही," थेम्बेका म्हणाली. "रागावलेला माणूस एकच फांदी जपून कापत नाही. तपकीर पूर्वजांना वाहिलेली. आम्हा झुलूंमध्ये माणूस घराबाहेर मेला, तर त्या जागेवरून उम्फाफाच्या फांदीवर त्याचा आत्मा घरी नेतात. नेणारा वाटेत कुणाशी बोलत नाही, म्हणून झुंगूबाबांनी तिला हटकलं नाही. बसमधली दुसरी जागा त्या आत्म्याची."

"कुणाच्या?" वासंतीने विचारलं.

"तिच्या लेकाच्या," झुंगूबाबा म्हणाले. "बसतळ होता तेव्हा इथेच बसखाली गेला. तेव्हापासून ती इथंच चहा विकते. त्याला सोडून जाववेना."

"मग आजच का नेला?" पेरुमलने विचारलं.

थेम्बेकाने फाटकावरच्या चित्राकडे पाहिलं. "उद्या ही जागाच खणली जाणार होती." वासंतीला रडू आवरेना.

झुंगूबाबांची नोकरी राहिली. माशेझी गावाहून परतली, तेव्हा वासंतीने नवं चित्र तिच्यापुढे धरलं. कारंजं बाजूला गेलं होतं आणि झाड जागच्या जागी होतं.

"आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, मा."

"पोर घरी पोचलं गं," माशेझी म्हणाली. "पण झाड राहू दे, लोकांना सावली लागते." मग तिने चित्रावर बोट फिरवलं. "आणि माझा चहा कुठे काढलायस?"