उशिरा उलटलेलं पान

तिनं बेल वाजवली तेव्हा बेत अगदी सरळ होता. रेकॉर्ड घ्यायची, घरी न्यायची आणि कपाटाच्या तळाशी गाडून टाकायची. याच रेकॉर्डच्या चार-पाच प्रती तिनं आधीच गाडल्या होत्या. काही वर्षांपूर्वी पियानोच्या एका कार्यक्रमात वादकाशेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटायचं काम तिच्याकडे होतं, आणि एक पान तिनं उशिरा उलटलं. वादक क्षणभर अडला, आणि नेमक्या त्याच कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली. कुणाच्या लक्षातही आलं नसेल, पण चोराच्या मनात चांदणं! तेव्हापासून तिनं रंगमंचाचं नावच टाकलं. शाळेतल्या मुलांना गाणी शिकवायची आणि जुन्या रेकॉर्डींच्या जाहिराती चाळायच्या, एवढंच.

दार उघडलं ते विस्कटलेल्या केसांच्या, हातात सुतळी घेतलेल्या एका उंच तरुणानं.

"रेकॉर्डसाठी? या. पण ऐकून घ्यावी लागेल."

"मी न ऐकताच घेते."

"मी न ऐकवता देत नाही."

"ने गं बाई एकदाची," आतून त्याच्या ताईचा आवाज आला. "त्या पियानोनं आमचे कान किटलेत."

तो बोटीवर इंजिनिअर होता. परवा पहाटे निघणार होता, तो थेट पुढच्या वर्षी परतणार होता. बोटीवर रेकॉर्ड न्यायची सोय नव्हती आणि इथे ठेवावी तर भाचरं तिची ताटली करून खेळणार. म्हणून जाहिरात.

त्यानं सुई टेकवली. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती. ती खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसली. ती जागा जवळ आली तशी तिनं मान खाली घातली... आणि तो मात्र पुढे झुकला.

"आता ऐका. इथे—"

सूर थबकले. कागद सळसळला. मग पुढचा सूर आला.

"चूक आहे ती," ती घाईनं म्हणाली. "पानं उलटणारी झोपली असेल."

"झोपली? छे हो. ऐकता ऐकता हरवली ती. त्या अख्ख्या सभागृहात खरं ऐकणारी ती एकटीच असेल." तो ओशाळून हसला. "बोटीवरून आलो की मी आधी हेच लावतो. ताई म्हणते, न पाहिलेल्या बाईच्या प्रेमात पडलोय."

"आणि... पडलायत?"

"कालपर्यंत हो म्हटलं असतं." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आज जरा पंचाईत झालीय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिनं नुसते पैसे पुढे केले. रेकॉर्ड छातीशी धरून ती जिना उतरली, आणि घरी जाऊन स्वतःवर मनसोक्त चिडली. इतकी वर्षं जी चूक तिनं लपवली, ती या माणसानं जिवापाड जपली होती, आणि परवा तो जाणार होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा दारात उभी.

"रेकॉर्ड खराब निघाली?" त्यानं विचारलं.

"नाही."

ताईनं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग तिला अचानक शेजारी काहीतरी काम आठवलं.

"ती मी होते," ताईच्या मागे दार लागताच ती म्हणाली. "पानं उलटणारी."

तो हसला नाही. बांधलेल्या बॅगेवर हळूच बसला.

"काय ऐकत होतात?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"वादकाचा डावा हात. तो इतका हळू खाली येत होता... वाटलं, संपूच नये."

"मलाही तिथे तेच वाटतं."

बाजूला कुणाच्या तरी घरी भांडी वाजत होती.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"जावं तर लागेलच."

"माहीत आहे. तरी म्हणतेय. न म्हणता घरी गेले असते तर जन्मभर स्वतःला खात बसले असते."

त्यानं डोळे मिटले.

"पुन्हा एकदा म्हणा."

"जाऊ नका..."

तो ऐकत राहिला. तिनं हात पुढे केला, त्यानं तो दोन्ही हातांत घेतला.

"आणखी एकदा म्हणू?"

"नको," तो म्हणाला. "मग पाय निघायचा नाही. तिसऱ्यांदा म्हणाल ते... मी परत आल्यावर."

जिन्यात ताई मुद्दाम चपला वाजवत वर येत होती. दोघांनीही हात सोडला नाही.