बाहेर थांबलेली

मृत्युपत्रं लिहिणं हा माझा धंदा आहे, भुताखेतांशी माझा संबंध नाही. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

सिविक सेंटरला माझं ऑफिस आहे. मे महिन्यात शहराच्या कडेच्या जुनवानीहून नरहरीकाकांचा फोन आला. स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, घरी एकटेच. दुपारी लॅपटॉप घेऊन गेलो. प्रकरण किचकट होतं. पहिली बायको वसुंधरा वारलेली, तिचा मुलगा कॅनडाचा नागरिक. दुसरीशी घटस्फोट, पण तिची मुलगी समृद्धी काकांनीच वाढवलेली. घर दोघांत सारखं वाटायचं होतं. ते सगळं मी नीट बसवलं.

"मागची खोली वसुंधराच्या नावानं लिवा," काका म्हणाले.

गेलेल्या माणसाला काही देता येत नाही, हे मी समजावून सांगितलं.

"मले मालूम हाय. पण पोरं घर विकून टाकतीन. मंग ती कुठं जाईन? तिले एकटं करमत नाही, वकीलसाहेब."

मला फार वाईट वाटलं. टाकली एक ओळ. कोर्टात टिकली नसती, पण म्हाताऱ्याचा जीव थाऱ्यावर आला.

शेजारचे श्यामराव आणि सुशील साक्षीला आले. सहीआधी मी एक वाक्य नेहमी म्हणतो, वीस वर्षांची सवय. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी तोंडातून निघालंच, "ज्यांना काही मिळणार आहे, त्यांनी जरा बाहेर थांबावं."

मागच्या खोलीत खाट करकरली. मग अनवाणी पावलं... हळूहळू आमच्या पाठीमागून गेली. नीळ घातलेल्या ओल्या साडीचा वास आला. पुढच्या दाराची कडी निघाली, दार उघडलं आणि परत लागलं. श्यामराव खाली मान घालून बसले होते.

सह्या झाल्या. काका हळूच म्हणाले, "आता बलवा तिले आत. तुमी धाडलं... तुमीच बलवा."

मी कागद गोळा केले आणि तिला न बोलावताच सटकलो. भित्रेपणाच तो, दुसरं काय! तिसऱ्या दिवशी काका गेले. महिन्याभरात त्या घराला विकाऊ असल्याची पाटी लागली.

तेव्हापासून माझ्या फ्लॅटच्या दाराबाहेर तो निळीचा वास येतो. जेवायला बसलो की जास्तच. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. ताट एकच, घास घशाखाली उतरत नाही. तरी इतके दिवस मी दाराकडे बघितलं नाही. काल मात्र हे माझं सुनं घर खायला उठलं. काकांचं बोलणं आठवलं, आणि मी म्हणून गेलो, "या आत."

आज सकाळपासून माझ्या फ्लॅटच्या मागच्या खोलीला आतून कडी आहे. भात मी दोघांचा लावलाय.