जोडीदाराची हजेरी

निजामुद्दीन स्टेशनवर मी पुठ्ठ्याची पाटी धरून उभी होते. सकाळचे सातच वाजले होते, पण दिल्लीच्या मे महिन्याला ते कुणी सांगितलं नसावं. ऊन भर दुपारसारखं तापलं होतं. गोवा एक्स्प्रेसमधून मिरजेची मंडळी उतरत होती. तीस विद्यार्थी आणि त्यांचे एक सर. पुढचे एकवीस दिवस ही सगळी वरात माझ्या गळ्यात होती.

"ए, तू... निळा शर्ट. लाइनमध्ये ये ना यार, गाडीसमोर घुटमळू नकोस."

निळा शर्ट दोन मुलींच्या बॅगा दोन खांद्यांवर घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मग मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

मी मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं, तरी एकतीसच. म्हणजे एक विद्यार्थी जास्त आणि सर बेपत्ता. पहिल्याच दिवशी हा घोळ.

"तुमचे सर कुठे गेले?" मी विचारलं. रांगेत खसखस पिकली.

"सर हरवले?" निळा शर्ट अगदी काळजीने म्हणाला. "दिसतात कसे?"

"मला काय माहीत? असतील पन्नाशीचे. चष्मा, पोट, हातात छत्री..."

त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "चष्मा आहे. पोटासाठी थोडी वर्षं द्यावी लागतील. मी सुधन्वा इनामदार. अर्थशास्त्र शिकवतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी सर, मी तुम्हाला चक्क तू..."

"राहू द्या. नोकरी लागल्यापासून आई सोडली तर मला तू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. बरं वाटलं."

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. बाबा केंद्र सरकारात, घर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये, जन्म दिल्लीचा. घरात मराठी, पण तिच्यात हिंदी अशी मिसळलेली की आईने ती निवडून काढणं कधीच सोडून दिलं होतं. मी एका लहानशा संस्थेत नोकरीला होते. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांमधली कॉलेजची मुलं दर उन्हाळ्यात तीन आठवडे दिल्लीत आणायची, त्यांना जुनी दिल्ली, नवी दिल्ली आणि तिच्याही पुढची गुडगावची काचेची दिल्ली दाखवायची, हे आमचं काम. वर्ष होतं २००३. मेट्रो सुरू होऊन पाचच महिने झाले होते आणि गुडगावात शेताच्या बांधाला लागून मॉल उभे राहत होते.

आमच्या प्रमुख वैजयंती मॅडम. त्यांचा एकच नियम होता, पण तो दगडावरची रेघ. प्रत्येकाला एक नंबर आणि एक जोडीदार. बस निघण्यापूर्वी नंबर पुकारले जाणार आणि कुणीही स्वतःची हजेरी द्यायची नाही, जोडीदाराची द्यायची. कारण सरळ होतं. जो बसमध्ये नाही, तो 'मी नाही' असं ओरडणार कसा? आणि चुकून कुणी मागे राहिलंच, तर त्याने जिथे बस सुटली तिथेच थांबायचं. जोडीदार येऊन घेऊन जाईल.

तीस मुलांच्या पंधरा जोड्या झाल्या. उरले सर आणि उरले मी. एकतीस आणि बत्तीस.

नंबर पुकारायचं काम वृंदाकडे होतं. खणखणीत आवाजाची, एक नंबरची मुलगी. ती "एकतीस?" म्हणायची, मी यादीतून मान वर न काढता "आहे" म्हणायचे. मग "बत्तीस?" की हा गृहस्थ शेजारच्या सीटवरून वळायचा, मला कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट बघायचा आणि सावकाश सांगायचा, "बत्तीस... आहे." मागे मुलींचं खुसखुसणं सुरू.

"रोज एवढं काय बघता?" चौथ्या दिवशी मी विचारलं.

"खात्री करतो. तुम्ही मात्र एकदाही बघून सांगत नाही."

"त्यात बघायचं काय? तुम्ही असताच."

"बघून सांगण्यात मजा आहे, मॅडम. मी रोज घेतो."

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली. काही बोलायची वेळ आली की मला हटकून तहान लागायची, नाहीतर काम आठवायचं.

दिवस भराभर गेले. सकाळी कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र सदनात पोहे, मग बस. तीस हजारीहून शाहदऱ्यापर्यंत मेट्रोने गेलो, तेव्हा दारं आपोआप मिटली आणि अख्ख्या डब्यात मिरजेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरोजिनी नगरच्या बाजारात मुली कुर्ते उपसत होत्या आणि सुधन्वा सात पिशव्या सांभाळत कडुनिंबाखाली उभा होता. तुघलकाबादच्या किल्ल्यावर त्याने मला विचारलं, "तुम्हाला मिरज माहीत आहे?"

"ट्रेनच्या टाइमटेबलमध्ये. आमचं सातारा, त्याच्या पुढे."

"पुढे फार काही लांब नाही हो."

मला ते कळलं. कळलं नाही असं मी दाखवलं. घरी जेवताना मात्र माझं प्रत्येक तिसरं वाक्य 'आज सर म्हणाले' असं सुरू होत होतं, आणि आई वरण वाढता वाढता बाबांकडे बघत होती.

सतराव्या दिवशी, मंगळवारी, गुडगाव होतं. सकाळी एक काचेचं ऑफिस, दुपारी मॉल. मुलं सरकत्या जिन्यावरून वर जाऊन परत खाली येत होती, जत्रेतल्या पाळण्यासारखी. सुधन्वा मात्र जिन्याच्या पायथ्याशी थबकला होता.

"चला ना, सर."

"चार वर्षं मुक्त अर्थव्यवस्था शिकवतोय," तो हळूच म्हणाला, "पण पाय नेमका कुठे ठेवायचा, ते पुस्तकात नव्हतं."

मी हसले. हात पुढे केला. "द्या हात. एक, दो... चलो."

त्याने हात धरला. जिना वर गेला, संपला, आम्ही दुकानांच्या रांगेत आलो... तरी हात तसाच.

"वरचा मजला आला," मी म्हटलं.

"कळलं. पुढच्या जिन्यापर्यंत असू द्या."

पुढचा जिना कितीतरी लांब होता. आणखी लांब असता तरी माझी हरकत नव्हती.

साडेचारला बाहेर आलो आणि आकाश पिवळं झालं. आंधी. मे महिन्यातली दिल्लीची धुळीची आंधी, पाच मिनिटांत दिवसाची संध्याकाळ करणारी. अर्धवट बांधलेल्या इमारतींवरचे हिरवे पडदे फडफडायला लागले, डोळ्यांत वाळू, तोंडात वाळू. सगळे ओरडत बसकडे पळाले. एका मुलीच्या डोळ्यात खडा गेला होता, मी रुमालाने तिचा डोळा पुसत होते. ड्रायव्हर सतबीरजी घाई करत होते. वृंदा अंधारात नंबर पुकारत होती.

"एकतीस?"

"आहे," मी म्हटलं. रुमालावरची नजरही उचलली नाही.

"बत्तीस?" तिने पुकारलं, आणि मी इतकी डोळ्यांसमोर होते की उत्तर यायच्या आत तिनेच हसून वही मिटली.

बस निघाली. मागे भेंड्या सुरू झाल्या. महिपालपूरच्या अलीकडे डोळा एकदाचा निवळला, मी माझ्या जागेवर येऊन बसले, पर्समधून आईने दिलेली शंकरपाळ्यांची पुडी काढली आणि नेहमीसारखी शेजारी धरली.

कुणी घेतली नाही.

मी वळले. सीट रिकामी होती. खिडकीच्या फटीतून आलेली धूळ तिच्यावर पसरली होती. मला घाबरायला हवं होतं नोकरीच्या काळजीने, मॅडमच्या धाकाने. पण त्या रिकाम्या सीटकडे बघताना एवढंच मनात आलं, शनिवारी मंडळी परत गेली की ही रोज अशीच दिसणार. मला तो आवडत होता. फार आवडत होता. आणि सतरा दिवसांत मी त्याला एकदा नीट बघितलंही नव्हतं.

"सतबीरजी, बस रोकिए."

मॅडमना मोबाइलवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जोडीदार कोण?"

"मी."

"मग मला काय सांगतेस? जा आणि घेऊन ये."

मुलं वृंदाबरोबर पुढे गेली. मी रस्ता ओलांडून हरियाणा रोडवेजच्या खचाखच बसमध्ये लटकत परत गुडगाव गाठलं. त्याच्याकडे मोबाइल नव्हता. तो रिक्षा करून निघाला असेल, चुकला असेल, चिडला असेल... माझं डोकं नको नको ते विणत होतं.

तो जिथे आमची बस उभी होती तिथेच होता. वॉचमनच्या स्टुलावर, केसांपासून बुटांपर्यंत धुळीने माखलेला. चष्मा तेवढा पुसलेला. आणि मांडीवर माझी पाण्याची बाटली.

"जिन्याजवळ विसरला होतात," तो म्हणाला. "ती आणायला आत गेलो, बाहेर येतो तर बस नाही."

म्हणजे तो माझ्यासाठी मागे राहिला होता, आणि मी न बघता 'आहे' म्हणून मोकळी झाले होते. माझे डोळे भरून आले. आंधीवर ढकलता आलं असतं, पण आंधी केव्हाच थांबली होती.

"तुम्ही जाऊ शकला असतात. रिक्षा होत्या."

"नियम आहे. जोडीदार येतो."

"आणि मी आलेच नसते तर? किती वेळ थांबला असतात?"

"नियमात वेळ दिलेली नाही," तो म्हणाला. "तुम्ही रडू नका हो. 'आहे' असंच म्हणालात ना माझ्याबद्दल? 'नाही' तर नाही म्हणालात."

"ती सीट रिकामी बघितली, आणि मला..."

"आणि तुम्हाला?"

बस आली. मी बाटली घेऊन पाणी प्यायले. परत जाताना उभं राहायलाही धड जागा नव्हती. प्रत्येक स्टॉपला लोक चढत-उतरत होते आणि मी प्रत्येक स्टॉपला मान वळवून तो आहे ना, ते बघत होते.

"आज बघताय," तो म्हणाला.

"हं."

धौला कुआँला उतरताना तो हळूच बोलला, "शनिवारी तीनची गाडी आहे."

"माहीत आहे. तिकिटं मीच काढलीत," मी म्हटलं, आणि पुढचे तीन दिवस स्वतःच्या जिभेला शिव्या देत राहिले.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा गॅलरीत कूलरसमोर पेपर वाचत बसले होते. मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"बाबा, यंदा गावी जायला सरकारी एलटीसी घेणार ना? दिवाळीत सातारा?"

"बघू. का?"

"आपण... मिरजेपर्यंत जाऊ या?"

पेपर खाली आला. आई आतून हात पुसत दारात आली. "हे ते 'आज सर म्हणाले'वालेच ना?" तिने विचारलं. मी मान हलवली.

बाबा बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले. "सरकार साताऱ्यापर्यंतच नेतं," शेवटी ते म्हणाले. "पुढचं तिकीट खिशातून काढावं लागेल. तेवढा मुलगा बरा आहे का?"

"बरा आहे," मी म्हटलं. "बघून सांगतेय."

शनिवारी प्लॅटफॉर्मवर मुलींनी रडून गोंधळ घातला. मीही त्यात होते, त्यामुळे कुणाला वेगळं काही दिसलं नाही. सगळे चढले. सुधन्वा शेवटी, दारात उभा. तोच निळा शर्ट. सकाळपासून मी चार वेळा बोलायला गेले आणि चार वेळा कुणाची तरी बॅग मध्ये आली होती. सिग्नल पिवळा झाला.

वृंदाने खिडकीशी वही उघडली. सवयच ती. तीसपर्यंत सगळे झाले. मग तिने गजांना तोंड लावून मला विचारलं, "एकतीस?"

मी बघितलं. धुतलेले, तरी विस्कटलेले केस. चष्म्याची डावी दांडी किंचित वाकडी. ओठ मिटलेले. घाई न करता सगळं बघितलं.

"आहे."

"बत्तीस?"

त्याने डब्यात बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, खाली, प्लॅटफॉर्मवर.

"नाही," तो म्हणाला. इतका लहान आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. गाडीने धक्का दिला आणि हलली.

"ए, तू..." मी चालायला लागले. "निळा शर्ट. ऐक."

तो दांडीला धरून वाकला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी 'बरं वाटलं' म्हणतानाचं हसू उमटायला लागलं होतं.

"दिवाळीत मी मिरजेला येतेय. आई-बाबांना घेऊन. घरी सांगून ठेव."

"काय सांगू? कशासाठी येताय?"

आसपास हमाल होते, चहावाले होते, तीस विद्यार्थी होते. बाटली रिकामी होती आणि एकही काम आठवत नव्हतं.

"तू मला आवडतोस, म्हणून."

डब्यात जो काही गलका झाला, त्यातून त्याचा आवाज आला, "वृंदा, ते 'नाही' खोड. बत्तीसपुढे लिही, दिवाळीला येणार." आणि तो हात हलवत राहिला, मी दिसेनाशी होईपर्यंत. किंवा तो दिसेनासा होईपर्यंत. मी डोळे काही हलवले नाहीत.

बाहेर रिकाम्या बसशी सतबीरजी बिडी विझवत उभे होते. मंगळवारपासून ते माझ्याकडे जरा संशयानेच बघायचे.

"गिनती ठीक से हो गई, मैडम जी?"

"हो गई," मी म्हटलं. "इस बार देख के की है."