मलिद्याचं ताट

"ताट तूच धर, आई! माझ्या मागे लागू नकोस!"

योएल असा खेकसला, की सिपोराबाईंच्या काळजात चर्र झालं. दुपारी त्यांचं विमान होतं. लहानपणापासून दर वल्हांडणाच्या सणाला ज्या भूमीचं नाव घेतलं, त्या इस्रायलला त्या आज कायमच्या निघाल्या होत्या. आणि पोटचा मुलगा निरोपाचा मलिदाही हातात घ्यायला तयार नव्हता!

संदेष्टा एलियाहू हन्नाबीच्या नावानं भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलदोडे, वर फळं. प्रवासाआधी मलिदा करायचा आणि घरच्या मुलानं ताट उचलून धरायचं, ही रोहेकरांची रीत. जर्मनीतल्या या त्सुफेनहाउझेन गावात बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, दुसरं घर नव्हतं, म्हणून काय रीत सोडायची?

आधी नवऱ्याच्या आजारपणात जाणं राहिलं, मग योएलच्या शिक्षणात. पुढे नात झाली, आणि "आल्झो, हे बघ, दोन वर्षं थांब आई, मग सगळेच जाऊ," म्हणत योएलनं त्यांना जर्मनीला आणलं. इराला त्यांनी मांडीवर वाढवलं, तक्रारीचा शब्द काढला नाही. आणि गेले काही महिने याच मुलाचे उठता-बसता टोमणे! "कधी जातेस? तुझी खोली मला कामाला हवीय." तिकीटही त्यानंच काढलं. गरज सरो, वैद्य मरो... सिपोराबाई उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या, पण कुणाला कळू दिलं नव्हतं.

आज मात्र त्यांचा बांध फुटला. "नको असेन मी तुला! पण ज्याच्या नावाचं हे ताट आहे, त्याचा तरी मान ठेव!"

सून एस्टर मध्ये पडली. "अहो आई, राहू द्या ना, मी धरते..."

"तू नाही! तो धरेल!"

योएलचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं दोन्ही हात पुढे केले. "नाइन, नको पापा!" इरा किंचाळली, तोवर ताट त्याच्या बोटांतून सुटलं होतं. पोहे, खजूर, केळी... सगळं जमिनीवर! आणि त्याची बोटं मात्र तशीच, अर्धवट मिटलेली, थरथरत राहिली.

"योएल... तुझे हात?"

तो मटकन खाली बसला. "जातायत, आई. डॉक्टर म्हणतात, आधी हात, मग पाय... मग श्वास. औषध नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं असतं तर तू राहिली असतीस! बाबांसाठी राहिलीस, माझ्यासाठी राहिलीस... वाटलं, वाईट वागलो तर रागानं तरी जाशील! तुला तिथे पोचलेली बघू दे मला, आई. आता एवढं एकच देता येतंय गं मला!"

सिपोराबाईंनी ते हात छातीशी घट्ट धरले. चुलीत गेला तो देश, मी कुठेही जाणार नाही, हे शब्द अगदी ओठांवर आले. जन्मभर त्या हेच म्हणत आल्या होत्या. पण लेकाच्या डोळ्यांतली ती विनवणी! आपण राहिलो तर या पोराच्या पदरात उरेल काय? आईचं स्वप्न पुन्हा आपल्यापायीच मोडलं, ही टोचणी घेऊनच तो जायचा...

पातेल्याच्या तळाशी थोडा मलिदा राहिला होता. एस्टरनं तो वाटीत आणला. हन्नाबीचं नाव घेऊन सिपोराबाईंनी घास केला.

"तोंड उघड, राजा."

त्यानं लहान मुलासारखं तोंड उघडलं. दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण कुणी कुणाचे पुसले नाहीत.

"जाते मी," त्या म्हणाल्या.

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. योएल दारात एस्टरच्या आधारानं उभा होता, निरोपाला त्याचा हात काही वर येईना. त्याला दिसावं म्हणून सिपोराबाई हसल्या... अगदी तोंडभर, पहिल्यांदाच माहेरी निघालेल्या लेकीसारख्या हसल्या, आणि गाडी वळेपर्यंत हसतच राहिल्या.

वळणापलीकडे चालकानं आरशात पाहिलं, आणि न विचारताच गाडी कडेला थांबवली.