किनेश्मातला दुसरा वराक्सिन

पोस्टातल्या बाईनं 'वराक्सिन' आडनाव बघून हाती दिलेलं पार्सल तायानं तिथंच उघडलं, तर आत पंचेचाळीस नंबरचे बूट.

"माझे आहेत ते," मागून आवाज आला. "पण तुम्हाला होत असतील तर… ठेवा."

उंच, टोपीवर वितळता बर्फ, हसताना एकाच गालावर खळी. गावात नुकताच कामाला आलेला, आणि तोही वराक्सिन. इवानोव किंवा स्मिर्नोव असता तर कुणी वळूनही पाहिलं नसतं, देशभर पेरलेत ते. पण किनेश्मात वराक्सिनांचं घर एकच — तायाचं.

"पूर्ण नाव?" तिनं ऐटीत विचारलं.

"मकार येगोरोविच."

तायाचं हसू तिथंच विझलं. येगोरोविच म्हणजे येगोरचा मुलगा, आणि तिच्या बाबांचं नाव येगोर.

त्याला तिनं हे सांगितलं नाही. तो रोज संध्याकाळी व्होल्गाकाठी भेटू लागला, खिशातून कोबी भरलेले गरम पिरोग काढून देऊ लागला, आणि सांगणं अवघडच होत गेलं. घरी ती बाबांच्या गालाकडे चोरून बघायची. खळी आहे का तिथं? दाढीत काही दिसायचं नाही.

"तुझे वडील कुठं असतात?" तिनं एकदा भीतभीत विचारलं.

"कुणास ठाऊक. अनाथाश्रमात वाढलो मी. नाव मात्र दणदणीत मिळालं."

त्यानंतर तो जवळ आला की ताया मागं सरकू लागली.

शेवटी त्यानंच विचारलं, "माझ्या तोंडाला कांद्याचा वास येतो का? जवळ आलो की पळतेस."

"माझे बाबा… येगोर आहेत, मकार."

त्यानं नदीवरच्या फुटत्या बर्फाकडे पाठ केली. "चल, विचारू त्यांना."

"आणि भलतंच उत्तर आलं तर?"

"तर तुझ्या वाढदिवसाला फुलं पाठवीन… भाऊ म्हणून. आणि दुसऱ्या गावी राहीन."

बाबा स्वयंपाकघरात मासे साफ करत होते. तिनं त्याचं पूर्ण नाव सांगितलं मात्र, सुरी थांबली. आईनं किटली खाली ठेवली.

"मकार…" बाबा म्हणाले. "माझ्या आजोबांचं नाव."

तायानं दाराची चौकट धरली.

"अँब्युलन्स चालवायचो तेव्हा. स्टेशनच्या बाकावर गाठोडं सापडलं. आत हा, रडून निळा पडलेला. बालगृहातली बाई म्हणाली, तू आणलास, तूच नाव दे. मला कुठलं सुचतंय? होतं ते सगळं देऊन टाकलं. आजोबांचं, माझं, घराण्याचं."

"म्हणजे तुम्ही माझे…"

"कुणी नाही रे बाळा. ड्रायव्हर."

"लग्न झाल्यावर आम्ही तुला आणायला गेलो होतो," आई हळू म्हणाली. "तोवर हलवलं होतं तुला. कुठं, ते कुणी सांगेना."

तायानं सगळ्यांसमोर मकारचा हात धरला — घट्ट.

बाबांनी ते पाहिलं. "आडनाव तर आधीच घेऊन बसलायस," ते कुरकुरले. "आता मुलगीही?"

"ती… हो म्हणाली तर."

आईनं चौथी ताटली मांडली.

"मग विचार की," ताया म्हणाली.