दुरुस्तीची चौकट

श्रावणातली दुपार. पेणच्या पोस्टात अनयने पाकीट पुढे केलं ते नेमकं नम्रतापुढे. त्याच्या उजव्या मनगटाला पट्टी होती, बाहेर सर कोसळत होती आणि रांगेत त्याच्यामागे तीच उभी होती.

"एवढा पत्ता लिहून द्याल? माझ्या हाताने संप केलाय."

तिने लिहून दिला. तिचं अक्षर बघून त्याने विचारलं, "टायपिंग येतं?"

"इंग्रजी साठचा स्पीड हाय," ती म्हणाली, आणि 'हाय' निसटलं म्हणून लाजली. तो हसला… पुढच्या सोमवारपासून ती कासूहून एसटीने रोह्याला त्याच्याकडे टायपिंगला जाऊ लागली.

अनय कंपन्यांसाठी यंत्रांची इंग्रजी माहितीपुस्तकं लिहायचा. टाइप करून करून मनगट गेलं, डॉक्टरांनी कीबोर्ड बंद केला. मग तो बोलायचा आणि ती टाइप करायची. त्याचे वडील माधवराव, निवृत्त हेडमास्तर, तिला नावाने नव्हे तर 'टायपिस्ट' म्हणूनच हाक मारत. अनय मात्र तिच्या चहावरची साय चमच्याने काढून द्यायचा. तिला साय आवडत नाही हे त्याने न सांगताच ओळखलं होतं. मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या पोरीच्या चहावरची साय आजवर कोणी काढली होती? तिचा जीव जडला, यात नवल ते काय!

दिवाळीनंतर मुंबईहून एक सीडी आली. वर्डला जोडायचं सॉफ्टवेअर होतं ते. कानाला हेडफोन लावून बोलायचं, की पडद्यावर अक्षरं उमटायची. सुरुवातीला मात्र ते शंभरात तीस शब्द चुकायचं. चुकलेला शब्द दुरुस्तीच्या चौकटीत उघडून बरोबर केला, तर मशीन बोलणाऱ्याचा आवाज शिकायचं. नुसता वरून टाइप केला, तर कागद स्वच्छ निघायचा, पण मशीन होतं तसंच राहायचं.

"दुरुस्त्या तू कर," अनय म्हणाला. "जानेवारीत पुण्याला एका ऑफिसात चाचणी आहे. कीबोर्डला हात न लावता दिवसाला तीस पानं. जमलं तर नोकरी."

"मग माझं काम काय उरलं, सर?"

"बघू की…" तो म्हणाला आणि उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

मशीन शिकलं की तो पुण्याला आणि आपण कासूला, एवढं नम्रताला कळत होतं. तो यंत्रांच्या आकृत्यांवर डोळे ठेवून बोलायचा, मग चहाला उठायचा. तेवढ्यात ती साऱ्या चुका भराभर वरून टाइप करून टाकायची. चौकट उघडायचीच नाही.

"आज किती चुका?" तो विचारायचा.

"दहा-बारा."

असतील शंभर. पण अनयने कधी तपासलं नाही. प्रेमात माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, आणि वर तो हळूच पाडतो, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

जानेवारीत अनय आपला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून पुण्याला घेऊन गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"सहा पानं झाली, नम्रता. तीसपैकी सहा."

"मग… इथलंच काम चालू ठेवू की, सर."

"नोकरीची हौस नव्हती गं मला. बाबा या घरात आपल्या दोघांना राहू देणार नाहीत. म्हणून पुण्यात खोली बघून ठेवली होती. नोकरी लागली की तुझ्या आईला भेटायला येणार होतो."

नम्रताला गप्प बसता आलं असतं. त्याला कधीच कळलं नसतं. पण तिला ते सोसवेना.

"मी चौकट उघडलीच नाय," ती म्हणाली. "एकदा पण नाय. मशीन शिकलं तर तुम्ही जाल, म्हणून."

त्याने टेबलावरचा हेडफोन उचलून बाजूला ठेवला.

"एकदा विचारायचं होतंस."

"तुम्ही पण एकदा बोलायचं होतं…"

"हो. माझंही चुकलं."

"मी परत शिकवते. चार दिवसांत करते, बघा तुम्ही."

त्याने नकारार्थी मान हलवली. आवाज अगदी मऊ होता, म्हणून जास्त लागला. "राग नाही आला. पण तू रोज दहा-बारा म्हणालीस आणि मी मानलं. आता तू काहीही सांगितलंस, तरी मी मनात तपासत बसेन. असं आयुष्य तुला नको… मलाही नको."

ती उठली. पदर सावरला, पायऱ्या उतरली. ओसरीवरून माधवरावांनी विचारलं, "टायपिस्ट, आज लवकर?" ती तशीच रस्त्याला लागली.

एसटीत नागोठण्यापर्यंत ती रडली नाही, कासूला उतरल्यावरही नाही. दारात आई, सगुणा, तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिने लेकीकडे पाहिलं.

"लवकर आलीस गो? काम संपला काय?"

"व्हय आये," नम्रता म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. "मीच संपवला."